ध्वनिमुद्रिका आणि मैफल : श्रवणव्यवहाराच्या दोन रीती

१

पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता कशी होते, हे तेथे वर्षानुवर्षे जाणाऱ्या श्रोत्यांस सांगावयास नको. अखेरच्या कलावंताचे गायन संपते, आणि मग ध्वनिक्षेपकातून सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकू येते. ज्यांच्या स्मरणार्थ हा सारा मेळा भरला त्यांचा स्वर अशा रीतीने तबकडीवरून येतो आणि श्रोते तो निःशब्दपणे ऐकून घराकडे वळतात. प्रत्यक्ष गायन ऐकण्यासाठी अनेक दिवस जमलेल्या समुदायाने आपल्या उत्सवाचा शेवट मुद्रित गायनाने करावा, यात वरवर पाहता विसंगती आहे. परंतु ती कोणाला खटकत नाही. ती का खटकत नाही, या प्रश्नाचा विचार करू लागले म्हणजे घरी बसून ऐकलेले संगीत आणि मैफलीत ऐकलेले संगीत यांच्या संबंधाविषयी आपण सामान्यतः जे बोलतो ते कितपत टिकते, याची शंका येऊ लागते.

या विषयावर दोन पक्ष नेहमी ऐकू येतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, आज उत्तम ध्वनियंत्रणा घरोघरी आहे, शंभर वर्षांतील गायकवादकांचे मुद्रण हाताशी आहे, मग थंडीत मंडपात बसून, मागच्या रांगेतील संभाषण आणि चहाच्या पेल्यांचा आवाज सोशीत गाणे ऐकण्यात हशील काय? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, मुद्रित गाणे हे मृत गाणे. खरे गाणे समोर बसूनच ऐकावे. हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. दोघेही असे मानतात की, मैफल आणि ध्वनिमुद्रिका या एकाच वस्तूच्या दोन प्रती असून त्यांपैकी एक अधिक शुद्ध आहे. प्रस्तुत निबंधात हे गृहीतकच तपासावयाचे आहे. भाषाभ्यासकाला या तपासणीत थोडेफार साहाय्य करता येईल असे वाटते, कारण बोललेले वचन आणि लिहिलेला मजकूर यांच्या संबंधाचा जुना वाद येथे नव्या वेषात उभा आहे.

२

प्रथम ध्वनिमुद्रिकेकडे वळू. हिंदुस्थानी संगीताच्या व्यापारी मुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. फ्रेड गायस्बर्ग याने गौहरजान यांचे गायन त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मुद्रित केले. त्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते, हे सर्वश्रुत आहे. तबकड्या जर्मनीत तयार होत असल्यामुळे तेथील कारागिरांस गायिका ओळखता यावी, हा त्यातील व्यावहारिक हेतू सांगितला जातो. परंतु या लहानशा घोषणेला भाषिक अर्थही आहे. मैफलीत गायिका आपले नाव सांगत नाही, कारण ती समोर बसलेली असते. जेथे वक्ता आणि श्रोता एका स्थळी, एका काळी असतात तेथे 'मी' कोण हे सांगावे लागत नाही. पत्राला मात्र सही लागते. गौहरजान यांनी तबकडीवर केली ती सहीच होय. गायन समक्षतेतून सुटले आणि लेखासारखे दूरस्थ झाले, याची पहिली खूण तेथे उमटली आहे.

लेखाला जशी कागदाची मर्यादा, तशी तबकडीला काळाची मर्यादा होती. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे. या मर्यादेचा अर्थ नीट समजण्यासाठी साधे गणित करून पाहावे. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा. अतिविलंबित लयीत एका मात्रेस चार सेकंद धरले तर एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे होते. म्हणजे तीन मिनिटांत चार आवर्तनेही पुरती होत नाहीत. त्या अवधीत स्थायी, अंतरा, आलाप, बोलताना आणि द्रुत ताना हे सर्व बसवावयाचे तर लय वाढविण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणूनच जुन्या तबकड्यांवरील ख्याल आपल्याला घाईचे वाटतात. त्यावरून 'त्या काळी ख्याल असाच गात' असा निष्कर्ष काढणारा समीक्षक तारेच्या मजकुरावरून त्या काळच्या पत्रलेखनाची शैली ठरविणाऱ्या माणसासारखी चूक करतो. तारेचा मजकूर त्रोटक असतो तो लिहिणारा अबोल असतो म्हणून नव्हे. शब्दागणिक दाम मोजावे लागत म्हणून.

उलट, या आटोपशीरपणातून स्वतंत्र कलाकृती जन्मास आल्या, हेही नाकारता येणार नाही. अब्दुल करीमखाँ यांच्या ठुमरीच्या तबकड्या ऐकताना काही कापून टाकले आहे असे वाटत नाही. तीन मिनिटांत आरंभ, विस्तार आणि विसर्जन यांची रचना तेथे पूर्ण झालेली असते. ती मैफलीतील ठुमरीची संक्षिप्त प्रत नसून, तिच्याच सामग्रीतून घडलेली निराळी वस्तू आहे. केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांतील सुवर्ण तबकडीवर पृथ्वीबाहेर धाडण्यात आली. साडेतीन मिनिटांचे ते गायन. ज्या गायिकेच्या बैठकीत जाणत्या श्रोत्यांना विशेष मान असे, तिचा स्वर आज जेथे एकही श्रोता नाही अशा पोकळीत प्रवास करीत आहे. लेख लेखकापासून किती दूर जाऊ शकतो याचे याहून मोठे उदाहरण मिळणे कठीण आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला ज्यांचे काहीच मुद्रित नाही असे गायक आहेत. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. तबकडीचा व्यवसाय तोवर चाळिशी ओलांडून गेला होता. तरीही त्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका नाही. पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांचाही स्वर आपल्याला ऐकावयास मिळत नाही. तथापि या दोघांचे संगीतातील स्थान निःसंशय आहे, आणि ते शिष्यांच्या गळ्यांतून व श्रोत्यांच्या कथनांतून सिद्ध झाले आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, मुद्रण नसणे म्हणजे परंपरेतून पुसले जाणे नव्हे. दुसरी, आणि ती अधिक गैरसोयीची, अशी की ज्यांचे मुद्रण आहे त्यांचे मूल्यमापन आपण तबकडीवरून करतो आणि ज्यांचे नाही त्यांचे आख्यायिकेवरून. तरीही दोघांना एकाच पंक्तीस बसवून तुलना करतो. ही तुलना करताना पुरावे दोन जातींचे आहेत एवढे तरी समीक्षकाने वाचकास सांगावयास हवे.

३

आता मैफलीकडे पाहू. मैफलीचे वैशिष्ट्य सांगताना 'जिवंतपणा' हा शब्द इतक्यांदा वापरला जातो की, त्याला निश्चित अर्थ उरलेला नाही. तो शब्द बाजूस ठेवून मैफलीत प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. गायक एक वाक्य गातो, समेवर येतो, श्रोत्यांतून 'वा' असा उद्गार निघतो, गायक त्या दिशेस पाहतो आणि पुढचे वाक्य गातो. हे पुढचे वाक्य मागच्या उद्गाराशिवाय तसेच आले असते असे म्हणता येत नाही. श्रोता गप्प राहिला असता तर कदाचित् गायकाने तीच जागा पुन्हा निराळ्या अंगाने घेतली असती, किंवा ती सोडून दिली असती. म्हणजे मैफल हे भाषण नव्हे, संभाषण आहे. त्यात एका पक्षाची वचने लांब आणि दुसऱ्याची फार आखूड, इतकेच.

या आखूड वचनांचे स्वरूप भाषाभ्यासकाला कुतूहलाचे वाटते. सदाशिव पेठेत आयुष्य काढलेला, घरीदारी मराठीखेरीज काही न बोलणारा श्रोता मैफलीत 'क्या बात है', 'बहोत अच्छे' अशी हिंदुस्थानीतून दाद देतो. ही भाषा त्याने ग्रंथातून घेतलेली नाही. बैठकीत बसून, वडीलधाऱ्यांचे ऐकून ती त्याच्या तोंडी बसली. ज्याला ती केव्हा द्यावी हे कळते तो जाणकार, ज्याला कळत नाही तो नवखा. बोलीवरून गाव ओळखावे तसा दादेवरून श्रोता ओळखता येतो. शब्दाहूनही बोलका म्हणजे जिभेचा 'च्च' असा ध्वनी. मराठीच्या वर्णमालेत त्याला स्थान नाही; तरी दुःखद बातमी ऐकून मराठी माणूस तो काढतो आणि गायकाने गंधारावर अनपेक्षित मुक्काम केला तरी काढतो. त्याचा अर्थ केवळ प्रसंगाने ठरतो. मालिनोव्हस्कीने १९२३ साली संपर्क राखण्यासाठी होणाऱ्या भाषाव्यवहाराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. दाद हा त्याच जातीचा व्यवहार आहे. मात्र ती केवळ संपर्क राखीत नाही, पुढे काय गायले जाईल याला वळणही देते.

संगीत नाटकांच्या काळातील 'वन्स मोअर' हेही याच संभाषणाचे अंग होते. त्या इंग्रजी शब्दांचा वाच्यार्थ 'तेच पुन्हा एकदा' असा. परंतु बालगंधर्व पद पुन्हा गात तेव्हा ते तसेच्या तसे गात नसत, आणि श्रोत्यांनाही ते तसे नको असे. मागणी पुनरुक्तीची, अपेक्षा नवोक्तीची, असा तो संकेत होता. त्या शब्दांचा वाच्यार्थ अक्षरशः पाळला तो फक्त त्यांच्या तबकड्यांनी.

पाठ आणि उच्चार यांतील हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची जी गणना आहे तिच्यात लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याचा समावेश केला आहे. स्थिर मजकुरावर विसंबणाऱ्याविषयीचा हा अविश्वास ग्रामोफोनविरोधी पक्षास आपला वाटेल. परंतु त्याच गणनेत मान हलविणाराही आहे, हे त्यांनी विसरू नये. तो नियम श्रोत्यांस लावला तर आपल्या मैफली ओस पडतील. तात्पर्य, वेदपठणाचा आदर्श अक्षर न ढळू देण्याचा आणि ख्यालाचा आदर्श प्रत्येक वेळी नवे वळण शोधण्याचा. मौखिक परंपरा म्हटली की ती परिवर्तनशीलच असते असे नव्हे. म्हणून मुद्रणाने स्थिरता येते हा दोष सांगताना कोणत्या कलेला स्थिरता मारक आहे तेही सांगावे लागते.

४

येथवरच्या विवेचनावर एक सबळ आक्षेप येतो. आजची मोठी मैफल खरोखर समक्ष उरली आहे काय? भव्य मंडपात मागे बसलेल्या श्रोत्यास गायकाचा कंठस्वर ऐकू येत नाही. त्याला ध्वनिक्षेपकाचा स्वर ऐकू येतो आणि गायकाचा चेहरा तो पडद्यावर पाहतो. घरातील ध्वनियंत्र आणि मंडपातील ध्वनियंत्र यांत मग अंतर कोणते? किंबहुना घरचे यंत्र पुष्कळदा अधिक चांगले असते.

हा आक्षेप मान्य करावयास हवा. मात्र त्यातून निघतो तो निष्कर्ष निराळा आहे. यंत्र असणे वा नसणे हा भेदाचा निकष नव्हेच. श्रोत्याच्या उपस्थितीने गायनात फरक पडू शकतो की नाही, हा निकष आहे. मंडपातील मागच्या श्रोत्याची दाद एकेकटी पोहोचत नाही, पण समुदायाची शांतता आणि समुदायाचा हुंकार पोहोचतो. घरच्या श्रोत्याने कितीही मनापासून 'वा' म्हटले तरी तबकडीतील गायक वळून पाहत नाही. करोनाच्या साथीत याची कसोटी आपोआप झाली. २०१९ नंतर हा महोत्सव पुन्हा भरला तो २०२२ च्या डिसेंबरात. मधल्या काळात कित्येक कलावंतांनी रिकाम्या खोलीत बसून गायन केले आणि ते त्याच क्षणी घरोघरी पडद्यावर ऐकले गेले. काळ एकच होता, गायनही मुद्रित नव्हते. तथापि समेवर आल्यानंतर समोरून काहीच येत नव्हते. त्या कार्यक्रमांत पूर्वमुद्रित काही नसूनही ते ध्वनिमुद्रिकेच्या जातीचे वाटले, याचे कारण हेच.

पाश्चात्त्य संगीतात या निकषाविरुद्ध जाणारे प्रसिद्ध उदाहरण ग्लेन गूल्ड या पियानोवादकाचे. त्याने १९६४ नंतर जाहीर वादन सोडले आणि मुद्रणशाळेतच आपली कला पूर्णत्वास नेता येते असे प्रतिपादिले. लिहिलेल्या रचना वाजविणाऱ्या कलावंताच्या बाबतीत हे म्हणणे सहज टाकून देण्याजोगे नाही. पण त्यानेही बाखच्या एकाच रचनेचे मुद्रण १९५५ साली आणि पुन्हा १९८१ साली केले, आणि दुसरे पहिल्याहून फार संथ आहे. अंतिम पाठ सिद्ध करू पाहणाऱ्यालाही आपले पहिले वचन पुरे वाटले नाही.

५

मग घरच्या श्रवणाला काहीच श्रेय नाही काय? पुण्याचा इतिहास तसे म्हणू देत नाही. सवाई गंधर्व १९५२ साली वारले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या साहाय्याने १९५३ पासून हा महोत्सव सुरू केला. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५३ रोजी, नभोवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. म्हणजे या शहरात घरबसल्या गाणे ऐकण्याचे नवे साधन आणि गाण्यासाठी घराबाहेर पडण्याचे नवे निमित्त ही एकाच वर्षीची भावंडे आहेत. एकाने दुसऱ्याचा घास घेतला असता तर पुढे मंडप वाढत गेला नसता. नभोवाणीने ज्यांचे कान तयार केले तेच श्रोते डिसेंबरात मंडपात आले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट स्वतः भीमसेन जोशी यांची. बालपणी अब्दुल करीमखाँ यांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी त्यांनी ऐकली, आणि त्या स्वराच्या ओढीने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी गुरूच्या शोधार्थ घर सोडले. यथाकाल ते अब्दुल करीमखाँ यांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, येऊन पोहोचले. तबकडीने माणसाला घरी बसविले नाही, घराबाहेर काढले. तबकडीत ओढ होती, पण विद्या नव्हती, हे त्या मुलाला उमगले. म्हणून तो दुसरी तबकडी शोधीत न बसता गुरू शोधीत निघाला. लेख आणि वचन यांचा निरोगी संबंध याहून निराळा नसतो.

घरच्या श्रवणाचे दुसरे श्रेय पुनःश्रवणाचे. मैफलीत एखादी जागा निसटली की निसटली. घरी ती दहादा ऐकता येते. रागाचे व्याकरण शिकू इच्छिणाऱ्यास हे साधन अमोल आहे. तिसरे श्रेय मात्र गेल्या पाव शतकात अनपेक्षितपणे पदरी पडले. महोत्सवाच्या जुन्या रूपात बैठक रात्रभर चाले आणि पहाटेस संपे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी घातली. मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, तेवढीच. झोपलेल्या नागरिकाचा हक्क रास्त आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु त्यामुळे उत्तररात्रीचे दरबारी, मालकंस आणि पहाटेचा ललत यांची त्यांच्या वेळेवरची सार्वजनिक भेट दुर्मिळ झाली. दिवाळीतील पहाटमैफलींनी प्रातःकाळ काही अंशी परत मिळवून दिला. उत्तररात्र मात्र गेली. रात्री दोन वाजता दरबारी ऐकावयाचा असेल तर आज तो बहुधा घरीच, दिवा मालवून, यंत्रावर ऐकावा लागतो. ज्या यंत्राने गायन काळापासून तोडले असे आपण म्हणत होतो, त्याच यंत्राच्या आधाराने रागाचा काळ राखला जावा, हा या कथेतील उलटा फेरा होय.

६

असे असता भय कशाचे बाळगावे? तबकडी मैफलीची जागा घेईल याचे नव्हे. तबकडी मैफलीवर हुकूम चालवील, याचे. घरी एखादे मुद्रण शंभरदा ऐकलेला श्रोता मैफलीत येतो तो ते पडताळून पाहण्यासाठी. तो फर्माईश करतो ती रागाची नव्हे, त्या मुद्रणाची. गायकाने निराळी जागा घेतली तर त्याला चुकल्यासारखे वाटते, आणि परिचित जागा आली की टाळी पडते. टाळीचा अर्थ गायकास कळतोच; पुढच्या मैफलीत तो ती जागा जशीच्या तशी देतो. अशा रीतीने संभाषणाचे पाठांतर होते, आणि 'वन्स मोअर' या शब्दांचा वाच्यार्थ अखेर खरा ठरतो. हा दोष यंत्राचा नाही. वाचून आलेला श्रोता वाचलेलेच ऐकू इच्छितो, हा त्याचा दोष आहे. त्यावर उपाय यंत्र फोडण्याचा नव्हे, एकाच गायकाची एकाच रागातील अनेक मुद्रणे ऐकण्याचा आहे. एक पाठ पाहणारा त्याला प्रमाण मानतो. अनेक पाठ पाहणाऱ्यास पाठभेदाचे महत्त्व कळते. संहितेच्या संपादनाचा हा प्राथमिक धडा पुण्यातील अभ्यासकांना निराळा सांगावयास नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली ती हस्तलिखितांच्या पाठभेदांचे काम अनेक दशके करून.

याच अनुषंगाने संग्राहकांना आणि विद्यापीठीय विभागांना एक विनंती करावीशी वाटते. जुन्या मैफलींच्या ध्वनिफिती आज संगणकावर उतरविल्या जात आहेत. ते करताना तंबोरे जुळविण्याचा अवधी, श्रोत्यांचे उद्गार, गायकाने साथीदारास केलेली सूचना, खोकला, हसणे हे सारे 'अनावश्यक' म्हणून कापून टाकण्याचा मोह होतो. बोलीचे नमुने गोळा करणारा भाषाभ्यासक बोलणाऱ्याचे अडखळणे आणि ऐकणाऱ्याचे हुंकार पुसून टाकीत नाही. कारण ते पुसले की हाती बोली राहत नाही, निबंध राहतो. मैफलीच्या फितीतून दाद वगळली तर गायकाने पुढचे वाक्य तसे का घेतले, याचा पुरावाच नाहीसा होतो. गायनाची स्वच्छ प्रत ऐकणाऱ्यांसाठी अवश्य काढावी. मूळ फीत मात्र अखंड ठेवावी.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. महोत्सवाच्या शेवटी वाजणारी भैरवी विसंगत वाटत नाही, कारण ती ऐकणारा समुदाय काही दिवस एकत्र बसून, दाद देत, ऐकून तयार झालेला असतो. तबकडी तीच आहे. घरी ती एकट्याने ऐकली तर तो पाठ असतो. तेथे ती हजारोंच्या शांततेत ऐकली जाते, आणि जो गायक वळून पाहू शकत नाही त्याला दिलेली ती दाद असते. शांततेलाही दादेचा अर्थ येतो तो असे श्रोते समोर असतील तेथेच. तसे श्रोते घडविण्याचे काम घर आणि मंडप या दोघांनी वाटून घ्यावयाचे आहे. एकट्या कोणाला ते झेपेल असे दिसत नाही.